विश्लेषण : ‘वॉटरप्रूफिंगसह’ म्हणजे नेमके काय? लोणावळा-मावळात घर घेताना कामाचा क्रमांक का विचारावा?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराच्या तुलनेत हे प्रमाण पाचपटीहून जास्त आहे. तरीही लोणावळा, कामशेत, तळेगावात बंगला बांधताना हाती पडणाऱ्या कोटेशनमध्ये अनेकदा एकच ओळ असते : ‘वॉटरप्रूफिंगसह, उत्तम दर्जाचे काम’. हे शब्द तीन वेगवेगळ्या कामांना लागू पडतात आणि तिघांचा खर्च, मोजमाप आणि चाचणी वेगळी असते. सरकारी बांधकामात हा घोळ टाळण्यासाठी कामांना क्रमांक दिलेले असतात. ही पद्धत काय आहे आणि घर घेणाऱ्याला तिचा उपयोग काय, ते समजून घेऊया.

क्रमांक कोण देते?

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मानक स्पेसिफिकेशनमध्ये इमारतीच्या कामांना ‘बीडी’ ही अक्षरे आहेत. पुढचे अक्षर कामाचा गट सांगते. ए म्हणजे खोदाई, ई म्हणजे साधे काँक्रीट, एफ म्हणजे आरसीसी, जी म्हणजे वीटकाम, एल म्हणजे गिलावा. टेंडरमध्ये कामाच्या वर्णनाशेजारी हा क्रमांक छापलेला असतो. त्यामुळे माल कोणता, काम कसे करायचे आणि मोजायचे कसे, यावर वाद कमी होतात.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणजेच सीपीडब्ल्यूडीच्या दरसूचीत अक्षरांऐवजी प्रकरणे आहेत. अमेरिका आणि कॅनडात ‘मास्टरफॉर्मॅट’ ही पद्धत चालते. तिच्यात आधी १६ विभाग होते. नवनवीन उत्पादने आणि यंत्रणा त्यात मावेनाशा झाल्या आणि २००४ मध्ये रचना बदलून विभागांची संख्या ५० करण्यात आली.

वॉटरप्रूफिंग कुठे बसते?

सीपीडब्ल्यूडीच्या दरसूचीत हा शब्द किमान तीन ठिकाणी भेटतो.

• प्रकरण ४, काँक्रीट काम : काँक्रीट कालवताना सिमेंटच्या वजनाच्या प्रमाणात मिसळायचे रसायन.

• प्रकरण १३, फिनिशिंग : भिंतीला लावायचा वॉटरप्रूफ सिमेंट पेंट.

• प्रकरण २२, वॉटरप्रूफिंग : स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंट वापरून उतार देऊन केलेला थर, म्हणजे आपल्याकडचा ब्रिकबॅट कोबा, तसेच इतर प्रक्रिया.

मास्टरफॉर्मॅटमध्येही अशीच विभागणी दिसते : काँक्रीट विभाग ०३ मध्ये, ओल रोखणारे थर ०७ मध्ये आणि रंगकाम ०९ मध्ये.

वस्तू एक, क्रमांक वेगळे कसे?

कारण हे क्रमांक वस्तूला नसून तयार कामाला दिलेले असतात. दुकानातल्या डब्यावर वेगळाच आकडा असू शकतो. उदाहरणार्थ, काँक्रीट आणि मसाल्यात मिसळायच्या वॉटरप्रूफिंग रसायनासाठी आयएस २६४५ हे भारतीय मानक आहे. डब्यातले रसायन कसे असावे, हे ते मानक सांगते. ते टेरेसवर कसे वापरले, हे सांगत नाही. बिलावरचा एचएसएन क्रमांक तर फक्त करासाठी असतो. म्हणून ‘आयएस मानकाचा माल वापरला’ हे उत्तर खरे असूनही अपुरे ठरू शकते.

खिशाशी संबंध काय?

प्रकरण २२ मधील कोब्याच्या कामात थर पूर्ण झाल्यावर टेरेसवर किमान दोन आठवडे पाणी साठवून ठेवण्याची अट आहे. क्युरिंग आणि अंतिम चाचणी दोन्ही त्यातच होतात. शिवाय सीपीडब्ल्यूडीच्या करारांत वॉटरप्रूफिंगच्या कामासाठी १० वर्षांची हमी घेतली जाते. काँक्रीटमध्ये रसायन मिसळणे किंवा भिंतीला पेंट मारणे याला कोब्याची ही चाचणी लागू होत नाही. तिन्ही कामे आपापल्या जागी योग्यच आहेत. मात्र कोब्याचे पैसे मोजून फक्त रसायन पदरात पडले, तर फरक पहिल्या पावसाळ्यातच कळू शकतो.

फ्लॅट घेत असाल तर?

राज्याच्या रेरा नियमांतील नमुना करारात फरशी, सॅनिटरी फिटिंग आणि लिफ्ट यांचा ब्रँड, आणि ब्रँड नसेल तर किमतीची श्रेणी, परिशिष्टात लिहिणे अपेक्षित आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिल्यास त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधलेल्या बंगल्याला हे संरक्षण नाही. तिथे तुमचा लेखी करार हाच आधार.

सही करण्यापूर्वी काय विचाराल?

• वॉटरप्रूफिंग नेमके कुठे : टेरेस, बाथरूम, बाल्कनी की बाहेरची भिंत?

• काँक्रीटमध्ये मिश्रण, वरचा थर की पेंट? प्रत्येकाची ओळ आणि दर वेगळा लिहून घ्या.

• कोणत्या दरसूचीतील कोणत्या क्रमांकाप्रमाणे काम होणार?

• पाणी साठवून चाचणी किती दिवस आणि कोणासमोर?

• हमी किती वर्षांची आणि ती लेखी कोण देणार?

ठेकेदाराने क्रमांक लिहून दिला, तर दुसऱ्या कोटेशनशी तुलना सोपी होते. दोन लाखांचा फरक दिसला, तर तो कामात आहे की नुसत्या दरात, हे लगेच कळते.