पोस्टर लावणं सोपं, जुन्या वह्या उघडणं अवघड: ग्लासगो विद्यापीठाची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकून राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'तर मग' जरा कमी केलेत.

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर ऑक्टोबरमध्ये त्यांच्या स्टोरीजवर एक शब्द दिसला असेल: ब्लॅक हिस्टरी मंथ. विद्यापीठात पोस्टर लागतात, व्याख्यानं होतात, सिनेमे दाखवतात, कॅरिबियन जेवणाचे स्टॉल लागतात. छान असतं सगळं. पण महिना संपल्यावर काय? कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्या वर्गात खरंच बरोबरीची वागणूक मिळते का? आज मला याच प्रश्नावर बोलायचंय, आणि त्यासाठी स्कॉटलंडमधलं एकच विद्यापीठ घेतोय: ग्लासगो.

आधी हा महिना आला कुठून?

अमेरिकेत कार्टर वुडसन नावाचे इतिहासकार होते. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, आणि मुलाने १९१२ साली हार्वर्डची पीएचडी मिळवली. त्यांच्या लक्षात आलं की शाळेच्या पुस्तकांत आपल्या लोकांचा इतिहासच नाही. मग १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक आठवडा या इतिहासासाठी ठरवला. फेब्रुवारीच का? लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस या दोघांचेही वाढदिवस त्याच आठवड्यात साजरे व्हायचे. पुढे आठवड्याचा महिना झाला.

ब्रिटनमध्ये हे १९८७ साली सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये. त्यामागे होते घानाहून आलेले अकियाबा अदाई-सेबो. ते लंडनच्या महापालिकेत काम करायचे. त्यांनी नंतर सांगितलेली गोष्ट अशी: त्यांच्या एका सहकारी बाईंच्या लहान मुलाने रात्री झोपताना आईला विचारलं, मी गोरा का नाही होऊ शकत? बाई हादरल्या. त्या मुलाला स्वतःबद्दल अभिमान वाटावा असं काहीतरी समाजात हवं, यातून या महिन्याची कल्पना पुढे आली.

म्हणजे बघा, या महिन्याच्या मुळाशी एका पोराला पडलेला प्रश्न आहे. पोस्टर नंतर आलं.

ग्लासगोचा पदवीधर

आता ग्लासगोला येऊ. २०२१ मध्ये तिथे एक मोठी इमारत सुरू झाली. एका वेळी २,५०० पेक्षा जास्त विद्यार्थी बसून अभ्यास करू शकतील एवढी. तिचं नाव जेम्स मॅक्यून स्मिथ लर्निंग हब.

कोण हा? १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला, गुलामगिरीत. ४ जुलै १८२७ ला न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा हा १४ वर्षांचा. शाळेत अत्यंत हुशार. डॉक्टर व्हायचं होतं. अर्ज केला कोलंबिया कॉलेजला, नकार. न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनीव्हा इथल्या मेडिकल कॉलेजलाही केला, तिथेही नकार. कारण त्याची कातडी.

मग गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांनी पैसे जमवले आणि १८३२ मध्ये हा पोरगा बोटीने अटलांटिक पार करून ग्लासगोला आला. तिथे त्याने १८३५ ला बीए, १८३६ ला एमए आणि १८३७ ला एमडी केलं. मेडिकलची पदवी मिळवणारा तो पहिला आफ्रिकन अमेरिकन.

परत न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने दवाखाना थाटला, औषधांचं दुकान चालवलं, कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या आश्रमाचा डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. आणि एक काम तर आपल्या डेटावाल्या पिढीला फार आवडेल. १८४० च्या अमेरिकन जनगणनेचे आकडे दाखवून गुलामगिरीचे समर्थक म्हणायला लागले की स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण जास्त आहे, म्हणजे स्वातंत्र्य त्यांना झेपत नाही. स्मिथने तेच आकडे तपासून ते कसे चुकीचे आहेत ते मांडलं. आकड्यांच्या खोटेपणाला आकड्यांनीच उत्तर.

तो १८६५ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. अमेरिकेतली गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती त्यानंतर तीनच आठवड्यांत, डिसेंबरमध्ये मंजूर झाली.

ग्लासगोने इथेच थांबायचं ठरवलं असतं तर किती सोपं होतं! 'जगाने नाकारलं, आम्ही स्वीकारलं.' एक पुतळा, एक फलक, दरवर्षी एक व्याख्यान. झाला ब्लॅक हिस्टरी मंथ.

गोष्टीची दुसरी बाजू

पण ग्लासगो शहर श्रीमंत झालं कशावर? व्हर्जिनियाचा तंबाखू आणि कॅरिबियन बेटांवरची साखर यांवर. ते पीक काढणारी माणसं गुलाम होती. आजही शहराच्या मध्यभागी जमैका स्ट्रीट आहे, व्हर्जिनिया स्ट्रीट आहे. रस्त्यांची नावंच सांगतात पैसा कुठून आला.

विद्यापीठ मात्र स्वतःला गुलामगिरीच्या विरोधात उभं राहिलेलं मानायचं, आणि ते खोटंही नव्हतं. १७९० च्या आसपास त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेकडे अर्ज केला होता. ही चळवळ संसदेत लढवणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सना मानद पदवी दिली होती. पण देणग्या? त्या कुणाकडून येत होत्या?

हे शोधायचं विद्यापीठाने स्वतःच ठरवलं. इतिहासकार सायमन न्यूमन आणि स्टीफन मलन यांनी जुनी कागदपत्रं, देणग्या, शिष्यवृत्त्यांचे निधी उकरून काढले, आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अहवाल सगळ्यांसमोर ठेवला. त्यात दिसलं की गुलामगिरीतून पूर्णपणे किंवा काही अंशी कमावलेला पैसा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाकडे येत राहिला. आजच्या पैशांत तो १ कोटी ६७ लाख ते १९ कोटी ८० लाख पौंड भरतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा फरक कसा? कारण जुन्या पैशाची आजची किंमत काढायचे मार्गच वेगवेगळे आहेत. नुसती महागाई धरली तर आकडा लहान येतो. पण तेव्हाच्या अर्थव्यवस्थेत त्या रकमेचं वजन किती होतं हे धरलं, तर तोच आकडा कितीतरी फुगतो. अहवालाने सोयीचा एक आकडा न निवडता दोन्ही टोकं सांगितली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक उदाहरण तर असं आहे की हसावं की रडावं कळत नाही. रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅहम नावाचा गृहस्थ १७८० च्या दशकात विद्यापीठाचा रेक्टर होता. जमैकात त्याचे गुलाम होते. त्याने विद्यापीठात एक सुवर्णपदक ठेवलं. विषय काय? राजकीय स्वातंत्र्य! स्वातंत्र्यावर उत्तम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पदक, आणि ते देणारा माणूस गुलामांचा मालक.

म्हणून माझा मुद्दा साधा आहे. स्मिथची गोष्ट खरी आणि पैशाची गोष्टही खरी. तो ज्या विद्यापीठात डॉक्टर झाला, त्याच विद्यापीठात गुलामगिरीचा पैसाही येत होता. एकच गोष्ट सांगितली तर तो इतिहास होत नाही, जाहिरात होते.

मग केलं काय?

२०१९ मध्ये ग्लासगोने युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीजबरोबर करार केला. हे १९४८ साली सुरू झालेलं कॅरिबियनचं विद्यापीठ. त्याचा जमैकातला मोना कॅम्पस जुन्या उसाच्या मळ्यांच्या जागेवर उभा आहे. करार असा की २० वर्षांत २ कोटी पौंड उभे करायचे आणि दोन्ही विद्यापीठांनी मिळून कॅरिबियन भागाच्या प्रश्नांवर संशोधनाचं केंद्र चालवायचं.

हा २ कोटींचा आकडा लक्षात ठेवा. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हाही २ कोटी पौंडांची भरपाई दिली होती. कुणाला? मालकांना! ज्यांनी मळ्यांत राबून आयुष्य घालवलं त्यांना एक पैसाही नाही. अर्थात तेव्हाचे २ कोटी आणि आजचे २ कोटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करारावर टीकाही झाली: हा पैसा संशोधनासाठी आहे, गुलामांच्या वंशजांच्या हातात काही पडत नाही. टीकेत तथ्य आहे. तरी अहवाल काढून फडताळात ठेवण्यापेक्षा ही पुढची पायरी आहे, असं माझं मत.

स्मिथच्या नावाने विद्यापीठाने कृष्णवर्णीय ब्रिटिश विद्यार्थ्यांसाठी पीएचडीच्या शिष्यवृत्त्याही सुरू केल्या. नाव इमारतीवर लिहिणं वेगळं आणि त्या नावाने कुणाची फी भरणं वेगळं.

आणि आजचे विद्यार्थी?

खरी परीक्षा इथे आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत ग्लासगोने आणखी एक अहवाल जाहीर केला, या वेळी इतिहासाचा नाही, वर्तमानाचा. पाहणीत वांशिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी सांगितलं की इथे शिकायला आल्यापासून आम्हाला वंशावरून त्रास सहन करावा लागलाय. विद्यापीठाच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. ज्या विद्यापीठाने दोनशे वर्षांपूर्वीचा हिशोब मांडून जगभर नाव कमावलं, तिथलीच ही परिस्थिती.

आणि हे एकट्या ग्लासगोचं नाही. ब्रिटनमध्ये पदवीचे वर्ग असतात, आपल्याकडच्या फर्स्ट क्लास, सेकंड क्लाससारखे. नोकरीसाठी वरचे दोन वर्ग लागतात. २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी मिळून दाखवून दिलं की हे वरचे वर्ग मिळवण्यात गोरे विद्यार्थी आणि बाकीच्या वंशांचे विद्यार्थी यांच्यात १३ टक्क्यांचं अंतर आहे. फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थी धरले तर ते २० टक्क्यांच्याही वर जातं. बारावीचे मार्क सारखे असलेली मुलं घेतली तरी अंतर पुरतं जात नाही. म्हणजे 'ती मुलंच कच्ची असतात' हे उत्तर चालत नाही. आत आल्यावर काहीतरी घडतं. आणि प्राध्यापकांमध्ये बघाल, तर ब्रिटनमध्ये प्रोफेसर पदावर कृष्णवर्णीय जेमतेम १ टक्क्याच्या आसपास आहेत.

यासाठी २०१६ पासून ब्रिटनमध्ये रेस इक्वॅलिटी चार्टर नावाची व्यवस्था आहे. त्यात भाग घेणाऱ्या विद्यापीठाने आपले आकडे वंशानुसार वेगळे करून बघायचे: प्रवेश किती, निकाल काय, बढत्या कुणाला. मग सुधारणेचा आराखडा द्यायचा, आणि त्यावर ब्रॉन्झ किंवा सिल्व्हर मिळतं. कामं साधीच असतात. उत्तरपत्रिका नाव झाकून तपासणं, वाचायच्या पुस्तकांच्या यादीत कोणते लेखक आहेत ते बघणं, तक्रार केली तर ती ऐकून पुढे नेणारं माणूस असणं. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून बहुतेक ते मागे पडतं.

यात आपलं काय?

कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. स्मिथला जाऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. ज्या कोलंबियाने स्मिथला नाकारलं, तिथेच १९१३ मध्ये बाबासाहेब शिकायला गेले. पुढे १९४६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. म्हणजे आपल्याकडच्या थोर माणसांनी हा इतिहास परका मानला नव्हता. आणि कोलंबियानेही अलीकडे गुलामगिरीशी असलेलं आपलं नातं शोधायला सुरुवात केली आहे.

दुसरं म्हणजे, तुमच्यापैकी कितीतरी जण तिकडे शिकायला जाणार आहात. तिथे तुम्ही 'वांशिक अल्पसंख्य' या रकान्यात मोजले जाल. तेव्हा विद्यापीठ निवडताना त्याच्या वेबसाइटवरचे हसरे चेहरे बघून भुलू नका. तीन गोष्टी शोधा. वंशानुसार निकालाचे आकडे ते जाहीर करतात का? वांशिक त्रासाची तक्रार कुठे करायची हे स्पष्ट लिहिलंय का? आणि स्वतःच्या इतिहासातली नकोशी पानं त्यांनी स्वतःहून उघडली आहेत का? तिन्हीची उत्तरं मिळाली, तर त्यांच्या ऑक्टोबरमधल्या पोस्टरवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि आपल्या कॉलेजात जयंतीला हार घालून झाला की याच धर्तीचा एखादा प्रश्न तिथेही विचारून बघा. उत्तर काय मिळतं ते आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. भेटूया!