चटका कळतो कसा?

ठेचा गार असला, तरी खाल्ल्यावर जिभेची आग होते, कपाळावर घाम येतो. तोंडात गरम काहीच नसताना ही आग येते कुठून?

आपल्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर, पेशीच्या आवरणात, प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. त्यांपैकी ‘टीआरपीव्ही-१’ हे दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडते. सोडियम आणि कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि भाजल्याचा संदेश मेंदूकडे जातो. मिरचीतील कॅप्सेसिनही हेच दार उघडते, त्यामुळे मेंदूला तिखटही चटक्यासारखेच जाणवते. १९९७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे दार शोधले. २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना स्वतंत्रपणे गारव्याचे दार सापडले. मेंथॉलने तेच उघडते. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले.

वेदना थांबवण्यासाठी उष्णतेचे दार बंद करणारी औषधेही तयार झाली. पण चाचण्यांत काहींच्या शरीराचे तापमान वाढले, तर काहींना अपायकारक उष्णताही नीट जाणवेना. चटका बसतो म्हणूनच आपण हात मागे घेतो, हे त्यातून पुन्हा दिसले.

दीर्घकाळ आटोक्यात नसलेल्या मधुमेहात हीच राखण हरवते. वाढलेल्या साखरेमुळे पायांचे मज्जातंतू खराब होतात आणि संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपलेल्या रुग्णाला सकाळी फोड दिसतो. तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळवे भाजतात, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते, ती चिघळते आणि कधी बोट, तर कधी पाऊल कापावे लागते.

म्हणून मधुमेहींनी अंघोळीचे पाणी पायाने न तपासता कोपराने पाहावे किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगावे. पायांना शेक देऊ नये. थंडी वाजल्यास मोजे घालावेत. घरातही चपला वापराव्यात. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. फोड किंवा भेग दिसली, तर ती दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवावी. पायांची संवेदना वर्षातून एकदा तपासून घ्यावी. त्याला काही मिनिटेच लागतात.