गाडी लावायची कुठे?

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवे उड्डाणपूल आणि रॅम्प खुले झाले, आणि मुळशीचा रस्ता जिथे मुंबई–बेंगळुरू महामार्गाला मिळतो तिथली वर्षानुवर्षांची कोंडी बरीच फुटली. मोटारवाल्यांची सोय झाली. बेंगळुरूहून साडेआठशेच्या आसपास किलोमीटर तोडून आलेल्या चौदाचाकी गाडीच्या ड्रायव्हरपुढचा प्रश्न मात्र तसाच राहिला. रॅम्पवर थांबता येत नाही, सर्व्हिस रोडवर गाडी मावत नाही, आणि बावधन, सूस, वाकडपर्यंत दोन्ही अंगांना इमारती उभ्या आहेत. डोळे मिटायला लागलेत. गाडी लावायची कुठे?

‘जिथे ट्रक जास्त उभे, तिथलं जेवण चांगलं’ असं आपल्याकडे सरसकट मानतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण ड्रायव्हर आधी बघतो ते अंगण. रस्त्यावरून सरळ आत शिरता येतं का, आणि रिव्हर्स न घेता बाहेर पडता येतं का? पावसाळ्यात जमीन टणक राहते का? भरलेली गाडी चिखलात रुतली, तर क्रेनच्या भाड्यात खेपेची कमाई जाते. वर विजेच्या तारा लोंबत नाहीत ना, रात्री दिवा असतो का, ढाबेवाला ओळखीचा आहे का, पाण्याची टाकी आहे का, हे सगळं वेग कमी करता करता डोळ्यांखालून जातं. डाळ-रोटीचा नंबर त्यानंतर लागतो.

मग पासिंग. तमिळनाडूची गाडी तमिळनाडूच्याच गाड्या दिसतात तिथे वळते, राजस्थानची राजस्थानच्या. तिथे आपली भाषा कानावर पडते, भात किंवा रोटी सवयीची मिळते, पुढे कुठे तपासणी चालू आहे ते कळतं, परतीच्या भाड्याची बातमी लागते. रात्री कोणी ताडपत्री कापायला लागलं, तर शेजारच्या केबिनमधला माणूस उठेल हा भरवसा असतो. डिझेलची चोरी ही यातली मोठी धास्ती. टाकीत पाइप घालून काही मिनिटांत डिझेल उपसलं जातं आणि त्याचा हिशेब ड्रायव्हरकडेच मागितला जातो. म्हणून जमलं तर टाकीची बाजू भिंतीला लावून गाडी उभी करायची.

गाडी लागली तरी माणूस लगेच आडवा होत नाही. क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोका मारत फिरतो. टणक आवाज आला तर हवा ठीक. बद्द आवाज आला की आतल्या जोडचाकातलं एखादं बसलेलं असतं. ड्रायव्हर हबजवळ हात नेऊन तापलंय का ते पाहतो, दोर ओढून बघतो. हल्ली बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतो, म्हणजे ही दोन्ही कामं एकट्याची, आणि रात्रभर पहाराही त्याचाच.

पूर्वी थांबा नाक्यावर आपोआप पडायचा. जकातीच्या रांगेत गाडी तासन्‌तास उभी, तेवढ्यात स्टोव्ह पेटवून भात शिजायचा, एखादी डुलकीही व्हायची. पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, मुंबईची १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर. रांगा संपल्या हे चांगलंच झालं. पण त्या रांगेत मिळणारी विश्रांतीही गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. आता मालासोबतच्या ई-वे बिलाच्या मुदतीचं घड्याळ आहे. सुरुवातीला दर शंभर किलोमीटरला एक दिवस मिळत असे. १ जानेवारी २०२१ पासून त्याच एका दिवसात दोनशे किलोमीटर धरले जातात. शहरात अवजड वाहनांना ठराविक वेळी बंदी असते, तेव्हा बाहेरच ताटकळायचं. टोल ओलांडला की फास्टॅगचा निरोप मालकाच्या मोबाइलवर जातो. गाडी उभी राहिली की फोन येतो.

मुळशीच्या रस्त्यावर थांब्याची ही अडचण फार जवळून दिसते. भूगाव, भुकूम, मग घाट उतरून पिरंगुट. पिरंगुटच्या कारखान्यांत माल आणणाऱ्या गाडीला गेटपास मिळून नंबर लागेपर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि बाहेर म्हणजे रस्त्याच्या कडेलाच. कारखान्याच्या आवारात यंत्रांना जागा असते, साहेबांच्या मोटारींना असते. माल आणणाऱ्याला नसते. हे चूक आहे, आणि सहज सुधारता येण्याजोगं आहे.

पौड, मुळशी धरण मागे टाकलं की ताम्हिणी. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफचा भाग आहे आणि माणगावमार्गे दिघी बंदराकडे जातो. २५ जुलै २०२४ ला इथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. दरडी कोसळतात, धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. भरलेल्या गाडीने घाटमाथ्यावर थांबून ब्रेकची हवा पाहायची, ड्रम तापले असतील तर निवू द्यायचे आणि खालच्या गिअरमध्ये उतरायचं, हा रिवाज जाणते ड्रायव्हर पाळतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे काय, ते कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर पुण्याने अनेकदा पाहिलं आहे. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी वेग कमी करून नाणं टाकायची रीत आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. श्रद्धेचा भाग वेगळा, पण घाटात गाडी मंदावते, ही गोष्ट मोलाची.

जागा न मिळालेली गाडी शेवटी महामार्गाच्या कडेला उभी राहते. मागे चार दगड आणि झाडाची फांदी, एवढाच इशारा. अंधारात मागून येणाऱ्या मोटारीला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ पासून अपघात कमी करण्याचं काम करणाऱ्या ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ने उभ्या गाड्यांचा हा धोका वारंवार मांडला आहे. याच संस्थेच्या २०२० च्या दहा शहरांतल्या पाहणीत सुमारे निम्म्या ड्रायव्हरांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवतो असं सांगितलं.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती घालून दिली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक, आणि आपल्याकडे तेच फार, त्याच्या बाहेर राहिले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. चालत्या गाडीत त्याने जीव सुखावेल. उभ्या गाडीत एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि ते डिझेल कोण देणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पहिल्या टप्प्यात ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रांतिगृहं उभारण्याचं जाहीर केलं. मोठ्या महामार्गांना त्यांचा उपयोग होईल. मुळशीसारख्या रस्त्याला गरज आहे ती साध्या गोष्टीची : घाटाच्या वर आणि खाली, पिरंगुटच्या अलीकडे एके ठिकाणी, वीस-पंचवीस गाड्या मावतील अशी टणक जागा, दिवा, पाणी, शौचालय आणि रात्रीचा पहारेकरी. रस्ता रुंद करायचा नकाशा कागदावर असतो, तेव्हाच ती आखायला हवी; दुतर्फा बांधकामं झाली की जागा मिळत नाही, हे चांदणी चौकापासून वाकडपर्यंत कुणीही पाहून घ्यावं.