बोटीतून बास पकडताना : काही उपयोगी गोष्टी

मंडळी, उन्हाळा आला की आपल्यापैकी बरेचजण मुलांना घेऊन तळ्यावर जातात. डॅलस परिसरातल्या कुटुंबांना लेक फोर्क दीड-दोन तासांवर. लार्जमाउथ बाससाठी हे तळं प्रसिद्ध आहे. टेक्सासचा विक्रमी बास (18.18 पौंड) जानेवारी 1992मध्ये इथेच गळाला लागला!

मासा कुठे असतो?
बास भक्ष्याच्या मागे फार धावत नाही, आडोशाला दबा धरून बसतो. म्हणून उघड्या पाण्यात गळ टाकत बसू नका. पाण्यात बुडालेली झाडं, पाणवनस्पतींची कड, बोटींचे धक्के अशा जागा शोधा. वसंतात पाणी साधारण 60 ते 70 अंश फॅरनहाइट झालं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. भर उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी काठाजवळ, दुपारी खोल पाण्यात. थंडीत तो सुस्त असतो, तेव्हा आमिषही हळू ओढा.

बोट कशी न्यावी?
बोटीचा खरा फायदा म्हणजे काठावरून न पोचणाऱ्या जागा गाठता येतात. पण आवाज झाला की मासा पळालाच! मोठं इंजिन लांबच बंद करा आणि छोट्या इलेक्ट्रिक मोटरने पुढे सरका. डबे आपटू नका, नांगर अलगद सोडा. शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून बोट न्या, म्हणजे ती वाहत जाऊन नेमक्या जागेवर आदळत नाही. गवताच्या कडेला आडवा गळ टाकण्यापेक्षा कडेला समांतर टाका; आमिष जास्त वेळ माशासमोर राहतं.

आमिष
नवशिक्यांसाठी प्लॅस्टिकचा किडा उत्तम. गळाचं टोक किड्याच्या अंगातच लपवलं (याला टेक्सास रिग म्हणतात) की ते फांद्यांत कमी अडकतं. तळाशी जाऊ द्या, हळूच उचला, पुन्हा सोडा. बऱ्याचदा आमिष खाली पडत असतानाच मासा ते घेतो, म्हणून दोरीवर नजर ठेवा. दोरी बाजूला सरकली की ढील गुंडाळा आणि झटका द्या.

नियम आणि सुरक्षितता
17 वर्षांपासून पुढे बहुतेकांना मासेमारीचं लायसन्स लागतं. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही, लगेच सोडावा लागतो. मोजपट्टी बरोबर हवीच! सोडायच्या माशाला ओल्या हातांनी धरा आणि मोठ्या माशाच्या पोटाखाली दुसरा हात द्या. नुसत्या जबड्यावर लटकवलं तर त्याला इजा होते. जाण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या वेबसाइटवर नियम एकदा बघून घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचं : या तळ्यात पाण्याखाली बुंधे आहेत. वेगात जाणारी बोट बुंध्यावर आदळली तर माणसं पाण्यात फेकली जातात. खुणा केलेल्या मार्गानेच जा, इतरत्र अगदी सावकाश. चालत्या छोट्या बोटीत 13 वर्षांखालील मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. पण पोहता येवो न येवो, आई-बाबांनीही ते घालावं. मुलं सांगितलेलं नाही, बघितलेलं शिकतात.

चवीची तुलना मात्र सुरमईशी करू नका हं! शुभेच्छा!