सोन्याची तार, चांदीची तार : अक्षय्य तृतीयेचे पवित्रक

वैशाख शुद्ध तृतीया हा साडेतीन मुहूर्तांतील एक पुण्यदिवस. या तिथीस केलेले दान, जप, होम व तर्पण अक्षय्य होते, अशी धर्मशास्त्राची ग्वाही आहे. आज मात्र अक्षय्य तृतीया म्हणताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सराफाचे दुकान उभे राहते. सोने घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ही तिथी जशी देवांची, तशीच पितरांचीही आहे. आमच्या झाडीपट्टीत, वैनगंगेच्या खोऱ्यात, मातीची नवी घागर पाण्याने भरून पितरांच्या नावे पूजण्याची चाल अद्याप टिकून आहे. देव आणि पितर या दोहोंचे स्मरण एकाच दागिन्यात पाहावयाचे असेल, तर सोन्याची व चांदीची तार एकत्र वळून हाताने घडविलेले पवित्रक पाहावे.

‘पवित्र’ म्हणजे गाळणी

‘पवित्र’ हा शब्द ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून झाला. ज्याच्या योगे शुद्धी होते ते पवित्र, अशी त्याची व्युत्पत्ती पाणिनीय व्याकरणात सिद्ध होते. ऋग्वेदात सोमरस मेंढीच्या लोकरीतून गाळीत; त्या गाळणीचे नाव पवित्र. पुढे यज्ञात पाणी शुद्ध करण्यास दर्भाच्या काड्या घेत, त्यांनाही पवित्र म्हणत. तोच दर्भ वळून, गाठ मारून बोटात घालतात ते आपल्या परिचयाचे पवित्रक. म्हणजे ही वस्तू मुळात अलंकार नव्हे. हातून जे कर्म घडावयाचे, ते गाळून शुद्ध व्हावे, एवढाच तिचा अर्थ.

दर्भाचे पवित्रक कर्म संपताच गाठ सोडून टाकावयाचे असते. नित्य धारण करण्यासाठी धातूचे पवित्रक आले. अनामिकेत सोने व तर्जनीत रुपे धारण करावे, असे स्मृतिवचन निबंधग्रंथांतून आढळते. सोने देवकार्यास प्रशस्त, तर रुपे पितरांस प्रिय, ही धारणा त्यामागे आहे.

चांदीविषयी तैत्तिरीय संहितेत एक मार्मिक कथा आहे. देवासुरांच्या युद्धापूर्वी देवांनी आपले धन अग्नीपाशी ठेवले. अग्नीस लोभ सुटला आणि तो ते घेऊन निघाला. देवांनी गाठून ते परत घेऊ लागताच अग्नी रडला, आणि त्याचे जे अश्रू गळले त्याचे रुपे झाले. म्हणून यज्ञात रुप्याची दक्षिणा देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. हा निषेध दक्षिणेपुरता आहे, धारणाविषयी नाही. आणखी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे चांदीला ‘रजत हिरण्य’, म्हणजे शुभ्र सोने, असे म्हटले आहे. वेदाच्या दृष्टीने ही दोन भावंडेच होत. एक तेजाचे, दुसरे अश्रूचे.

तार कशी वळते

कीर्तनाच्या निमित्ताने गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागात आमचे जाणे-येणे असते. डिंक आणि लाख यांच्या व्यापारावरून गोंदियास नाव पडले, असे सांगतात. आणि लाखेवर दागिना घट्ट बसवूनच सोनार त्यावर कोरीव काम करतो, हा एक सुखद योगायोग. त्या भागातील एका वृद्ध सोनारापाशी बसून हे पवित्रक घडताना आम्ही पाहिले.

प्रथम सोने मुशीत टाकणखार घालून वितळवितात व त्याची कांब ओततात. चांदीची कांब वेगळी. ऐरणीवर ठोकून कांब बारीक झाली की जंत्रीतून, म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, तार ओढतात. प्रत्येक ओढीबरोबर तार ताठर होत जाते. मग तिला मंद लाल होईतो तापवून पुन्हा मऊ करावे लागते. घाई केली की तार तुटते.

दोन्ही तारा एका जाडीच्या झाल्या की जोडीने धरून समान पीळ देतात. ती पिळलेली तार निमुळत्या लोखंडी दांड्यावर बोटाच्या मापाने वळवून वरच्या बाजूस दर्भाच्या गाठीसारखी ग्रंथी घालतात. टोके आत दडवून झाळतात. खरी परीक्षा येथेच. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर चांदी ९६२ अंशांच्या सुमारास. म्हणून झाळ अशी हवी की चांदीच्या आधी ती वितळेल. फुंकणीचा एक श्वास अधिक झाला तर चांदी पाण्यासारखी वाहून जाते आणि सोने एकटे उरते. शेवटी चिंचेच्या पाण्याने स्वच्छ करून झिलई देतात.

घेणाऱ्याने काय पाहावे

सोने चांदीहून पुष्कळ जड. त्यामुळे सारख्या जाडीच्या व लांबीच्या तारांत बावीस कॅरेट सोन्याची तार चांदीच्या तारेच्या सुमारे पावणेदोन पट भरते. पीळ पडल्यावर दोहोंचे वजन वेगळे करता येत नाही. म्हणून पीळ देण्यापूर्वीच दोन्ही तारा समोर तोलून घ्याव्यात, आणि सोने किती, चांदी किती, मजुरी किती, हे पावतीवर स्वतंत्र लिहून घ्यावे. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. उलट त्याचीही अब्रू राखली जाते. यंत्राची अंगठी स्वस्त पडते हे खरे. परंतु मजुरी देताना काचकूच केली, तर जंत्री ओढणारा हात पुढच्या पिढीत राहणार नाही.

केरळात पय्यन्नूर येथील सुब्रह्मण्य मंदिराशी निगडित ‘पवित्र मोतिरम्’ प्रसिद्ध आहे. ती अंगठी घडविताना कारागिराने व्रतस्थ राहावे, अशी तेथील रूढी. आपल्या महाराष्ट्राला तर ही गोष्ट नवी नाही. शिवाखेरीज कोणाचे मुख पाहावयाचे नाही म्हणून डोळे बांधून विठ्ठलाच्या कटीचे माप घेणारे नरहरी सोनार पंढरीचेच. हातांना शिवाची लक्षणे लागली, डोळे उघडले तर पुढे विठ्ठल! हरि-हर एकच आहेत, हे त्यांना पोथीतून नव्हे, दागिन्याचे माप घेताना उमगले.

शेवटी एक विनंती. मिश्र तारांचे पवित्रक ही आचाराची वस्तू आहे, विधीची सक्ती नव्हे. त्यासाठी कोणी ऋण काढू नये. ज्याच्या बोटात केवळ दर्भ आहे, त्याच्या तर्पणात काडीचेही उणे नाही. आणि ज्याच्यापाशी हे पवित्रक आहे, त्याने एवढे ध्यानात ठेवावे की सोन्याची तार वर्षानुवर्षे तशीच झळकते, चांदीची मात्र हवेने काळवंडते. तिला अधूनमधून रिठ्याच्या पाण्याने उजळावे लागते. पितरांच्या स्मरणाचेही तसेच आहे. या तृतीयेला घागर भरण्यापूर्वी ती तार उजळावी, आणि मग त्याच हाताने तहानलेल्याला पाणी द्यावे.