बोरीच्या दरडीत राख

आळेफाट्यावर मिसळ खाऊन निघालेली मिनीबस बोरी बुद्रुकच्या बाहेर थांबते. एम.एस्सी. भूशास्त्राची मुलं हातोडे, टेप, नमुन्यांच्या पिशव्या घेऊन उतरतात. उसाच्या बांधावरून आम्ही कुकडीच्या पात्राकडे निघतो. मोटार चालू करायला आलेले एक काका बजावतात, "सर, दिवस मावळायच्या आत निघा. उसात बिबट्या हाय." जुन्नर तालुक्यात असं कुणी गमतीत सांगत नाही.

समोर नदीनं कापलेली उभी दरड. तपकिरी गाळात एक करडा-पांढुरका पट्टा, ज्वालामुखीच्या राखेचा. हातोडा उगारणाऱ्याला मी थांबवतो. आधी वहीत थर काढायचे, खालून वर. टेप धरलेला मुलगा म्हणतो, "सर, इथं जाड आहे, तिथं पातळ."

"आभाळातून पडलेली राख अशी कमी-जास्त कशी?"

तो दरड न्याहाळतो. "नदीनं वाहून आणून खोलगटात साठवली असणार."

बरोबर. याला व्याख्यानात माझा अर्धा तास गेला असता.

वरचा थर खरवडून आतली ताजी राख चिमटीत घेतली, की आधी पिठासारखी मऊ लागते, मग बारीक कचकचते. भिंगाखाली काचेचे तुकडे चमकतात, फुटलेल्या बुडबुड्यांच्या वाकड्या कडांचे. इथला काळा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. सिलिकानं भरलेली ही काच त्याची नव्हे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, इथवर बहुतेकांचं जमतं.

भांडण वयाचं. डेक्कन कॉलेजच्या रवी कोरिसेट्टर, शरद राजगुरू आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाअखेर पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं वय मांडलं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांचा आकडा आला ६ लाख ७० हजार. काचेचं रसायन जुळवणारे म्हणतात, ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या मोठ्या उद्रेकाची, म्हणजे वय सुमारे ७५ हजार वर्षं. बोरीला याच गाळात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, त्यामुळे आकडा सरकला की भारतातल्या माणसाचा इतिहासही सरकतो.

"सर, पेपरात कोणतं वय लिहायचं?"

"तिन्ही. प्रत्येकापुढे पद्धत, आणि ती कुठं फसू शकते तेही."

"मग दहा मार्क तरी द्या!" मागून कुणीतरी ओरडतं. हशा पिकतो.

फसायची एक वाट मी इथंच दाखवतो. नदीनं राखेत बसाल्टचा कण मिसळला, की त्याच्यातला जुना आर्गॉन हिशेबात शिरतो आणि वय फुगतं. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागडं असो, ते पिशवीत जे आहे त्याचंच वय सांगणार.

ऊन चढतं. पिशव्यांवर मार्करनं क्रमांक पडू लागतात. एक मुलगी आपला नमुना तळहातावर पसरून भिंगातून बघते आहे. काळे दाणे दिसताच ती पिशवी रिकामी करते, वहीत त्या क्रमांकापुढे "रद्द" लिहिते आणि हातभर आत नव्यानं खणायला घेते. तिला हे मी सांगितलेलं नाही. शेजारचे दोघं तिच्याकडे बघतात आणि आपापल्या बांधलेल्या पिशव्या पुन्हा सोडतात.