सेवा की शिक्षण?

परीक्षा आटोपल्या, की उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी जाऊन काही काम करून यावयाचे, ही प्रथा युरोप-अमेरिकेतील विद्यार्थ्यांत आता जुनी झाली आहे. अलीकडे ती आपल्या महाविद्यालयांतही मूळ धरू लागली आहे. कोणी जर्मनीतील वा कॅनडातील प्रयोगशाळेत दोन-तीन महिने उमेदवारी करून येतो. तिलाच आजच्या भाषेत इंटर्नशिप म्हणतात. कोणी आफ्रिकेतील वा आग्नेय आशियातील एखाद्या खेड्यात मुलांना इंग्रजी शिकविण्यास जातो. परतताना दोघांच्याही हाती प्रशस्तिपत्र असते आणि पुढील प्रवेशाच्या अर्जात त्याचा ठळक उल्लेख केला जातो. तरुणांनी घराबाहेर पडावे, परक्या लोकांत मिसळावे, हे आम्हांस सर्वथैव इष्ट वाटते. कूपमंडूक वृत्तीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या दोन प्रकारच्या प्रवासांना एकाच मापाने मोजण्याची जी चाल पडली आहे, तिचा विचार सुज्ञ पालकांनी व विद्यापीठांनी वेळीच केला पाहिजे.

उमेदवारीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. दुसरे महायुद्ध संपून पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, तोच १९४८ च्या जानेवारीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात युरोपातील दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि तंत्रशाखेच्या विद्यार्थ्यांची देवघेव करणारी ‘आयेस्टे’ ही संस्था त्यांनी स्थापिली. तिचे तत्त्व साधे होते. आपले जितके विद्यार्थी बाहेर पाठवावयाचे, तितक्याच परक्या विद्यार्थ्यांना आपल्या कारखान्यांत जागा द्यावयाची; आणि विद्यार्थ्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च भागेल इतके वेतन कारखान्याने द्यावयाचे. यात कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. विद्यार्थी शिकावयास आला आहे हे सर्वांस ठाऊक होते आणि तोही ते लपवीत नव्हता. अशा व्यवहारात बेताच्या घरचा हुशार मुलगाही जाऊ शकतो. तीच उमेदवारी बिनपगारी झाली आणि विमानाचे भाडे व परक्या शहरातील निवासाचा खर्च वडिलांच्या खिशातून जाऊ लागला, म्हणजे गुणांची निवड संपून ऐपतीची निवड सुरू होते. हा दोष मोठा आहे. पण पैशाची तजवीज केल्यास तो दूर होण्याजोगा आहे.

सेवेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कारण तेथे ज्याची सेवा करावयाची, त्याला बहुधा कोणी विचारलेलेच नसते. या बाबतीत कसोटी म्हणून एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. पियेर सेरेसोल नावाच्या स्विस अभियंत्याने १९२० साली व्हेर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांचे, त्यांत जर्मनीचेही, स्वयंसेवक जमवून पुनर्बांधणीचे काम आरंभिले होते. बिहारची वार्ता ऐकून पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ हिंदुस्थानात आला. प्रथम तो राजेंद्रप्रसादांना व गांधीजींना भेटला, कोणते काम हवे आहे ते त्याने समजून घेतले, आणि मगच थोडे सहकारी घेऊन तो पुन्हा आला. पुराच्या पाण्याने ज्यांची घरे राहण्याजोगी उरली नव्हती, अशा गावकऱ्यांच्या नव्या वस्त्यांसाठी मुझफ्फरपूरच्या बाजूस त्याने त्यांच्या बरोबरीने कुदळ-फावडे चालविले. हे काम १९३७ पर्यंत चालले. आधी विचारणे, मग येणे, स्थानिक माणसांच्या सल्ल्याने राबणे आणि काम उरकेपर्यंत टिकणे, या चार गोष्टी त्यात होत्या. सहा आठवड्यांच्या सुटीत यांपैकी किती साधतात?

हा प्रश्न सर्वांत कठोर शब्दांत विचारला तो इव्हान इलिच यांनी. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील खेड्यांत सुटी घालवून सेवा करू इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे त्यांचे भाषण झाले. श्रोते प्रोत्साहनाच्या चार शब्दांची अपेक्षा करीत असावेत. इलिच यांनी त्यांना सरळ घरीच राहण्यास सांगितले. ज्यांची भाषा तुम्हांस येत नाही, त्यांना तुमचे काय चुकते हेदेखील सांगता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. पाहावयास या, शिकावयास या, डोंगर चढावयास या; मदत करावयास मात्र येऊ नका, असा त्यांनी निरोप दिला. हे बोल कडू होते. सर्वच परदेशी सेवेला ते लागू पडतात असे आम्ही म्हणणार नाही. सेरेसोलचे उदाहरण त्याविरुद्ध उभे आहे. तथापि भाषेचा मुद्दा बिनतोड आहे. काही वर्षे वर्गात घालविलेल्या आम्हांस इतके निश्चित ठाऊक आहे, की मुलाची चूक कोठे होते हे त्याच्या भाषेतून कळल्यावाचून त्याला काही शिकविता येत नाही, आणि दर महिन्याला नवा शिक्षक समोर आला की मुलांचे होते ते शिक्षणही विस्कटते.

हेतू चांगला असला म्हणजे पुरे, अशी कित्येकांची समजूत असते. कंबोडिया व नेपाळ येथील अनाथालयांचा अनुभव ती खोडून काढतो. परदेशी स्वयंसेवक पैसे मोजून मुलांची सेवा करावयास येऊ लागले, तसतशी ही अनाथालये वाढली. आणि चौकशीअंती असे आढळले, की त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. शिक्षणाचे आमिष दाखवून गरीब घरांतून मुले आणली जात होती. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत या प्रकाराची दखल घेतली. ज्या तरुणांनी त्या मुलांना मांडीवर घेतले, त्यांच्या मनात पाप नव्हते. परंतु त्यांच्या पुण्यसंचयाची किंमत कोणा तरी आईने आपल्या लेकराच्या वियोगाने चुकविली.

सेवेच्या बुद्धीने गेलेल्या पाहुण्याचे शब्दही जपून असावे लागतात. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ची स्थापना १९६१ सालच्या मार्चमध्ये झाली. तिच्यात मुदत दोन वर्षांची आणि आधी प्रशिक्षण सक्तीचे. असे असूनही त्याच वर्षी ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान येथे एका स्वयंसेविकेच्या हातून घरी लिहिलेले पोस्टकार्ड रस्त्यात पडले. तेथील लोकांच्या राहणीचे त्यातील वर्णन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वाचले, मोठा क्षोभ झाला आणि त्या तरुणीस मायदेशी परतावे लागले. आज पोस्टकार्डाची जागा मोबाईलवरील छायाचित्रांनी घेतली आहे. परक्याच्या उघड्यानागड्या लेकरास कडेवर घेऊन काढलेले चित्र घटकेत जगभर फिरते, आणि त्यासाठी त्या लेकराच्या आईची परवानगी घ्यावी हे कोणास सुचतही नाही.

मग करावे काय? बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे उन्हाळ्यात तरुणांची छावणी भरविण्यास आरंभ केला. तिचे नाव त्यांनी ‘श्रमसंस्कार छावणी’ असे ठेविले. त्यात सेवा हा शब्द नाही. श्रम करणाऱ्यावरच संस्कार व्हावयाचा आहे, हे नावातच स्पष्ट सांगितलेले आहे. हाच प्रांजळपणा परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी व त्यांना पाठविणाऱ्यांनी अंगी बाणवावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पालकांनी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. हे काम तेथील लोकांनी मागितले आहे काय? आपल्या मुलास ते काम व तेथील भाषा थोडीबहुत तरी येते काय? आणि तो परतल्यावर ते काम पुढे कोण चालविणार? यांची उत्तरे मिळत नसतील, तर ती सहल समजावी. सहलीत गैर काही नाही, फक्त तिला सेवेचे नाव देऊ नये. विद्यापीठांनी अशा प्रशस्तिपत्रांस गुण देताना हेच निकष लावावे, आणि गरजू विद्यार्थ्यांच्या परदेशी उमेदवारीसाठी शिष्यवृत्त्यांची तरतूद करावी. जो तरुण विद्यार्थी म्हणून नम्रतेने जातो, तो परत येताना पुष्कळ काही घेऊन येतो. त्या ऋणाची फेड करावयास आपल्या तालुक्यात, आपल्या भाषेत, काम भरपूर पडलेले आहे.